काचबिंदूचे थेंब आणि लाल होणारा डोळा

आपल्या रुग्णालयाचा वार्षिक अहवाल हाती पडताच बहुतेक देणगीदार प्रथम शस्त्रक्रियांचा तक्ता उघडतात आणि विश्वस्त ताळेबंद पाहतात. दोन्ही स्वाभाविकच आहे. तथापि रुग्णालयाच्या कामाचा एक मोठा भाग असा असतो, की तो कोणत्याही तक्त्यात बसत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की एक आकडा वाढतो, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि रुग्ण आपल्या नातवाचा चेहरा ओळखतो. काचबिंदूच्या रुग्णास असा दिवस कधीच लाभत नाही. त्याच्या उपचाराचे यश म्हणजे आज आहे ती नजर पुढील वर्षीही तेवढीच राहणे. टळलेला तोटा कोणत्या रकान्यात लिहावा, हे आम्हां हिशेबाच्या माणसांना आजवर कोणी शिकविलेले नाही.

या रुग्णांकडून बाह्यरुग्ण विभागात, औषधांच्या खिडकीवर आणि कधीकधी थेट माझ्या कार्यालयात येऊन एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "डोळा वाचावा म्हणून औषध घालतो, तर त्या औषधानेच डोळा लाल होतो, चुरचुरतो, खाजतो. मग हे औषध घालायचे की नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यामुळे कित्येक रुग्ण स्वतःच निर्णय घेऊन औषध बंद करतात, आणि काही महिन्यांनी ते परततात तेव्हा गेलेली नजर परत आणण्याचे साधन कोणापाशीच नसते. यास्तव यंदा या विषयाचे थोडे सविस्तर विवेचन करण्याचे योजिले आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा पदवीधर नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन रुग्णालयाच्या कारभारात माझे आयुष्य गेले. नेत्रविभागातील डॉक्टरांनी वेळोवेळी समजावून दिलेले आणि त्यांच्याकडून तपासून घेतलेले तेवढेच येथे मांडीत आहे.

दाब, नस आणि थेंब

डोळ्याच्या आत एक स्वच्छ द्रव अखंड तयार होत असतो आणि बुबुळाच्या कडेच्या कोनात असलेल्या सूक्ष्म जाळीतून तो बाहेर वाहून जात असतो. आवक आणि जावक यांचा मेळ बसलेला असतो तोवर डोळ्यातील दाब सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका राहतो. जावक अडली की दाब वाढतो, आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य नसेतील तंतू हळूहळू मरू लागतात. काही रुग्णांची नस इतकी नाजूक असते, की सामान्य समजला जाणारा दाबही तिला सोसत नाही. हे तंतू एकदा गेले की पुन्हा उगवत नाहीत. नजर प्रथम कडेकडून जाते, डोळा दुखत नाही, समोरचे वर्तमानपत्र वाचता येत असते. म्हणूनच आजाराचा सुगावा लागत नाही. भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख व्यक्तींना काचबिंदू असावा असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला होता. आणि दक्षिण भारतात झालेल्या घरोघरच्या पाहण्यांत, काचबिंदू आढळलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना तोवर आपल्या आजाराची वार्ताही नव्हती.

आज उपलब्ध असलेल्या प्रत्येक उपचाराचा हेतू एकच, तो म्हणजे दाब उतरविणे. स्वीडनमध्ये झालेल्या एका प्रदीर्घ चाचणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. दाब एक मिलिमीटरने उतरला तरी आजार बळावण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, असे त्यात दिसून आले. एक मिलिमीटर ही गोष्ट किती मोलाची आहे, हे यावरून ध्यानी यावे. थेंब चुकविणे म्हणजे हे मिलिमीटर हातचे घालविणे होय.

थेंबांची परंपरा जुनी आहे. दक्षिण अमेरिकेतील एका झुडपापासून मिळणारे पायलोकार्पिन १८७० च्या दशकापासून काचबिंदूसाठी वापरात आले आणि जवळजवळ शंभर वर्षे तेच मुख्य औषध होते. ते दिवसातून चार वेळा घालावे लागे, त्याने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होई, कपाळ ठणके आणि संध्याकाळी अंधुक दिसे. १९७८ साली अमेरिकेत टिमोलॉलला मान्यता मिळाली, तेव्हा दिवसातून दोनच थेंब पुरू लागले आणि बाहुलीही मोकळी राहिली. मात्र दमा असलेल्यांना व ज्यांच्या हृदयाचे ठोके मंद आहेत त्यांना ते चालत नाही. त्यानंतर डॉर्झोलामाइड, १९९६ साली ब्रिमोनिडिन आणि त्याच वर्षी लॅटॅनोप्रोस्ट आले.

लॅटॅनोप्रोस्टची हकीकत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये आपल्या शरीरात तयार होतात ती मुख्यतः दाहाची वर्दी देणारी म्हणून ओळखली जातात. सूज, लाली, ठणका यांत त्यांचा हात असतो. डोळ्यात ती अधिक मात्रेत घातली तर दाब वाढतो आणि डोळा दाहाने लाल होतो, हे संशोधकांना माहीत होते. १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून अमेरिकेत आलेले लास्लो बिटो हे कोलंबिया विद्यापीठात काम करीत असता त्यांच्या लक्षात आले, की अगदी अल्प मात्रेत हीच द्रव्ये उलट दाब उतरवितात. अनेकांचा यावर विश्वास बसेना. पुढे स्वीडनमधील संशोधकांनी त्या रेणूत फेरफार करून त्रास कमी केला आणि परिणाम राखला, आणि रात्री एक थेंब घातला की चोवीस तास पुरणारे औषध जगाला मिळाले. आज काचबिंदूचा उपचार बहुधा याच कुळातील औषधाने सुरू होतो. ज्या औषधाचे कूळच दाहाचे, त्याने डोळा थोडा लाल झाला तर आश्चर्य ते काय?

लाली एक, कारणे अनेक

रुग्णाच्या दृष्टीने डोळा लाल झाला एवढेच खरे असते. डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र त्या लालीच्या पाठीमागे निरनिराळी कारणे असू शकतात, आणि कारण निराळे तसा उपायही निराळा.

पहिली लाली नुसती रक्तवाहिन्या फुगल्याने येते. लॅटॅनोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट या औषधांनी ती सुरुवातीस पुष्कळांना येते आणि बहुतांशी काही आठवड्यांत आपोआप ओसरते. हा खरा दाह नव्हे. अमेरिकेत २०१७ च्या अखेरीस मान्यता मिळालेल्या नेटारसुडिल या औषधाच्या चाचण्यांत सुमारे निम्म्या रुग्णांचे डोळे लाल झाले होते. तरीही योग्य रुग्णासाठी ते उपयुक्त औषध आहे. पहिल्या पंधरवड्यातील लालीमुळे औषध सोडणे हे म्हणूनच फार घाईचे ठरते. या कुळातील औषधांनी पापण्यांचे केस लांब व दाट होतात, पापणीची कातडी काळवंडते, एकाच डोळ्यात थेंब असतील तर दोन डोळ्यांत फरकही दिसू लागतो. आमच्याकडील आजीबाई या केसांबद्दल संकोचाने तक्रार करतात. याच गुणासाठी बायमॅटोप्रोस्ट अमेरिकेत २००८ पासून सौंदर्यप्रसाधनासारखे विकले जाते, हे त्यांना सांगितले की त्या हसतात, परंतु त्यांची तक्रार काही मिटत नाही.

दुसरी लाली ॲलर्जीची. तिच्याबाबत ब्रिमोनिडिनचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. निरनिराळ्या अभ्यासांत दहापैकी एक ते चारपैकी एक इतक्या रुग्णांना या औषधाची ॲलर्जी झाल्याची नोंद आहे. तिचा फसवेपणा असा, की ती पहिल्या आठवड्यात येईलच असे नाही. सहा महिने, वर्षभर औषध सुखेनैव चालते, आणि मग एके दिवशी डोळे खाजू लागतात, खालच्या पापणीच्या आत बारीक पुरळासारखे उंचवटे येतात, पाणी गळते, पापणीची कातडी सुजून खरखरीत होते. "इतके दिवस हेच औषध चालत होते, आता त्याचे कसे होईल?" असे म्हणून रुग्ण दोष दुसऱ्याच कशाला तरी देतो, धूळ, साबण, कोळंबी, चष्म्याचा नंबर. डॉर्झोलामाइडनेही पापण्यांच्या कडा सुजू शकतात. शिवाय ते किंचित आम्लधर्मी असल्यामुळे घालताच झोंबते. हे झोंबणे क्षणिक असते आणि ते ॲलर्जीचे लक्षण नव्हे.

तिसरे कारण औषधात नसून बाटलीत असते, आणि त्याचा विचार सर्वांत कमी होतो. महिनाभर उघडझाप होणाऱ्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून तीत परिरक्षक द्रव्य घालावे लागते. लोणच्याच्या बरणीत मीठ आणि तेल घालतो तसेच. डोळ्यांच्या थेंबांत सर्वाधिक वापरले जाणारे परिरक्षक म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड. १९३० च्या दशकात जंतुनाशक म्हणून पुढे आलेले हे द्रव्य गुणाने साबणासारखे आहे. जंतूचे आवरण ते फोडते, परंतु जंतू कोणता आणि डोळ्याची पेशी कोणती, हा भेद त्यास कळत नाही. अश्रूंच्या थरावर तेलाचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो, त्यामुळे अश्रू लवकर सुकत नाहीत. साबणाने तवंग फाटावा तसा हा पापुद्रा फाटतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील आवरणात बुळबुळीत स्राव तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या कमी होत जातात. डोळा कोरडा पडतो, सकाळी वाळू गेल्यासारखे वाटते, दुपारी टीव्हीसमोर बसले की पाणी येते. कोरड्या डोळ्यातून पाणी कसे, असे रुग्ण विचारतात. ते पाणी म्हणजे चुरचुरणाऱ्या डोळ्याने केलेली धावपळ असते, त्याने ओलावा टिकत नाही.

एका थेंबातील हे परिरक्षक नगण्य असते. पण येथे आमच्यासारख्या माणसाने जरा गुणाकार करावा. ज्या रुग्णास तीन बाटल्या आहेत, पैकी दोन दिवसातून दोनदा आणि एक रात्री एकदा, त्याच्या प्रत्येक डोळ्यात दिवसाला पाच थेंब पडतात. वर्षाचे १,८२५ आणि दहा वर्षांचे १८,२५०. काचबिंदूचे औषध आठ दिवसांचे नसते, आयुष्यभराचे असते. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ६३० रुग्णांच्या पाहणीत, काचबिंदूचे थेंब घालणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना डोळ्यांच्या कोरडेपणाची लक्षणे कमी-अधिक प्रमाणात होती. बाटल्यांची संख्या वाढते तसा हा त्रासही वाढतो, हे बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या कोणाही डॉक्टरांस ठाऊक आहे. आणि त्रास तेवढ्यावर थांबत नाही. वर्षानुवर्षे धुमसत राहिलेल्या दाहामुळे डोळ्याच्या आवरणात व्रण धरण्याची प्रवृत्ती वाढते. पुढे कधी शस्त्रक्रिया करून द्रवास नवी वाट करून देण्याचा प्रसंग आला, तर तीच वाट व्रणाने बुजण्याचा संभव अधिक असतो.

चौथे कारण विरळा, परंतु गंभीर. काही वेळा दाह डोळ्याच्या पृष्ठभागावर न राहता आत शिरतो. यास युव्हायटिस म्हणतात. मेटिप्रॅनोलॉल नावाच्या थेंबांनी असा दाह होतो असे आढळल्यावर ब्रिटनमध्ये १९९० साली त्यांच्या नेहमीच्या बाटल्या बाजारातून काढून घेण्यात आल्या. दीर्घकाळ ब्रिमोनिडिन घेतलेल्या काही रुग्णांतही असा दाह नोंदला गेला असून औषध थांबवून उपचार केल्यावर तो निवळला. प्रोस्टाग्लँडिन कुळातील औषधांनी क्वचित हा दाह किंवा दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येऊ शकते, विशेषतः ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गुंतागुंतीची झाली आहे किंवा ज्यांना पूर्वी असा दाह होऊन गेला आहे त्यांना. जुन्या शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवून प्रत्येक नव्या डॉक्टरांस दाखविण्याचा आमचा आग्रह केवळ दप्तरी शिस्तीपोटी नाही.

या सर्वांपासून जंतुसंसर्गाने डोळे येणे निराळे. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डोळ्यांची साथ पसरली होती हे वाचकांना स्मरत असेल. त्या साथीत डोळा एकाएकी लाल होई, बहुधा एका डोळ्यापासून सुरुवात होऊन दुसऱ्यास लागण होई, घरात आणखी कोणाचे तरी डोळे आलेले असत आणि आठवडा-दहा दिवसांत सारे निवळे. औषधाची ॲलर्जी सावकाश येते, खाज हे तिचे मुख्य लक्षण असते, घरात इतर कोणास त्रास नसतो आणि ती आपणहून जात नाही. थेंब एकाच डोळ्यात घातले जात असतील आणि तोच डोळा लाल असेल, तर निदानाचे अर्धे काम तेथेच होते.

लाली घालविणारे औषध

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे वळतो. तालुक्याच्या गावी राहणारे एक निवृत्त गृहस्थ आपल्याकडे काचबिंदूचा उपचार घेत होते. डोळे खाजू लागले तेव्हा मुलगा मुंबईस, प्रवास दूर, म्हणून त्यांनी गावातील औषध दुकानातून लाली घालविणारे थेंब आणले. दोन दिवसांत डोळे निवळले. पुढे लाली आली की तेच थेंब घालावयाचे, असा परिपाठ पडला. काचबिंदूचे औषधही चालू होते, त्यामुळे घरच्यांना काळजीचे कारण दिसले नाही. सात-आठ महिन्यांनी सूनबाईंच्या लक्षात आले, की मामंजी उंबरठ्यास अडखळतात आणि ताटातील डाव्या बाजूची वाटी त्यांना दिसत नाही. आपल्याकडे आणले तेव्हा डोळे पांढरेशुभ्र होते आणि दाब मात्र उपचार सुरू होण्यापूर्वी होता त्याहूनही अधिक. "डॉक्टर, तुमच्या औषधाने डोळा लाल होत होता, त्या थेंबांनी बरा झाला," असे ते मोठ्या कृतज्ञतेने सांगत होते. त्यांनी खिशातून काढलेल्या बाटलीत स्टेरॉइड होते.

स्टेरॉइडचे थेंब दाह शमवितात यात शंका नाही; योग्य जागी ते डोळा वाचवितात आणि मोतीबिंदूच्या प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर आपणही ते देतो. परंतु काही आठवडे ते चालू राहिले तर अनेकांच्या डोळ्यातील दाब वाढतो, आणि काचबिंदू असलेल्यांत असे होण्याचे प्रमाण इतरांहून कितीतरी अधिक असते. म्हणजे रुग्ण एका बाटलीने दाब उतरवीत होता आणि दुसरीने चढवीत होता. ॲलर्जी तशीच होती, तिची खूण तेवढी पुसली गेली होती. स्टेरॉइड थांबविल्यावर दाब बहुधा खाली येतो, त्यांचाही आला. परंतु नसेचे झालेले नुकसान भरून निघत नाही. त्यांचे ब्रिमोनिडिन बंद करून दुसरे औषध दिले, तेव्हा तीन आठवड्यांत खाजही गेली. इतक्या साध्या उपायाने जे मिटले असते, त्यापायी त्यांची डावीकडची नजर गेली. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे. तो नियम किती पाळला जातो हे वाचक जाणतातच.

गुलाबपाणी, मध, एरंडेल, काजळ या घरगुती उपायांबद्दल वेगळे काय लिहावे? आधीच चिडलेल्या डोळ्यात निर्जंतुक नसलेले काहीही घालू नये.

डॉक्टर काय करतात

प्रथम दोषी औषध कोणते हे शोधतात. तीन बाटल्या असतील तर एकेक थांबवून पाहावी लागते, आणि तोवर दाब राखण्यासाठी काही दिवस ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्याही द्याव्या लागतात. ॲलर्जी असेल तर ते औषध कायमचे बंद, आणि केसपेपरवर लाल शाईने नोंद. कारण परिरक्षकाचे असेल तर दोन औषधे एकत्र असलेली एकच बाटली देऊन थेंबांची संख्या घटविता येते, किंवा परिरक्षकविरहित थेंब देता येतात. हे थेंब एकदाच वापरावयाच्या छोट्या नळ्यांत किंवा जंतूंस आत येऊ न देणाऱ्या विशेष झडपेच्या बाटलीत मिळतात. जोडीला परिरक्षकविरहित कृत्रिम अश्रू आणि पापण्यांच्या कडांची कोमट शेकाने स्वच्छता.

थेंबांऐवजी लेसर, हा पर्याय अलीकडे अधिक भक्कम झाला आहे. ब्रिटनमध्ये ७१८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. डोळ्याच्या कोनातील जाळीवर सौम्य लेसरचा उपचार प्रथम केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांवाचून दाब राखता आला. सहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ साली आले, तेव्हाही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या घरात होते. लेसर सर्वांस लागू पडत नाही. ज्यांच्या डोळ्याचा कोन बंद आहे त्यांना तो उपयोगी नाही, आणि त्याचा परिणाम काळाने ओसरू शकतो. परंतु जो थेंब घालावाच लागत नाही त्याची ॲलर्जी होत नाही, एवढे खरे.

थेंब घालण्याच्या रीतीनेही त्रास पुष्कळ घटतो. डोळ्यात एका वेळी एक थेंबसुद्धा पुरता मावत नाही, उरलेला गालावर ओघळतो; मग दुसरा कशासाठी? अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत रात्री एकेक घातला तर महिन्याचे ६० लागतात आणि बाटली महिना सहज पुरते. "खबरदारी म्हणून" दोन-दोन घातले तर विसाव्या दिवशी ती संपते, उरलेले दहा दिवस औषधावाचून जातात आणि पापण्यांवर मात्र दुप्पट औषध ओघळते. लॅटॅनोप्रोस्ट दिवसातून एकाहून अधिक वेळा घातल्यास त्याचा गुण वाढत नाही, उलट कमी होऊ शकतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे हलकेच दाबावा, म्हणजे औषध नाकाघशात उतरत नाही. ओघळलेले लगेच टिपावे. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. बाटलीचे टोक पापणीस लागू देऊ नये, आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी. साधारण चार आठवड्यांनंतर, थेंब शिल्लक असले तरी, ती टाकून द्यावी. येथे आमच्या आयाबहिणींचा काटकसरीचा स्वभाव आड येतो हे मी जाणतो.

डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना, दिसणे अंधुक झाले किंवा दिव्याभोवती वलये दिसू लागली, तर पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यावे. नुसती खाज व लाली असेल तर दोन-चार दिवसांत यावे. मात्र तोवर सर्वच औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. येणे शक्य नसेल तर नेत्रविभागास दूरध्वनी करून कोणती बाटली थांबवावी हे विचारून घ्यावे.

खर्चाविषयी

परिरक्षकविरहित थेंब नेहमीच्या थेंबांहून महाग पडतात, आणि हा खर्च दरमहा, आयुष्यभर करावा लागतो. मध्यमवर्गीय निवृत्त माणसालाही तो जड जातो. शेतमजूर स्त्रीची गोष्टच नको. देणगीदारांचा ओढा शस्त्रक्रियेकडे असतो, कारण ती डोळ्यांसमोर घडते आणि तिची पावती एका दिवसात होते. बाटलीसाठी कोणी देणगी देत नाही. विश्वस्तांसमोर मी हा मुद्दा एकाहून अधिक वेळा मांडला आहे, आणि येथेही मांडतो : ज्यांना डॉक्टरांनी परिरक्षकविरहित औषधच हवे असे लिहून दिले आहे आणि ज्यांना ते परवडत नाही, अशा रुग्णांसाठी स्वतंत्र निधी असावा, त्याची मुद्दल मोडू नये आणि व्याजातून औषधे द्यावीत. सर्वांस महाग औषध देणे हा त्यावरचा उपाय नव्हे; बहुसंख्य रुग्णांना साधे थेंब विनातक्रार चालतात आणि त्यांना तेच द्यावेत, असे आमच्या डॉक्टरांचेही मत आहे.

आणखी एक गोष्ट औषध विभागाच्या बाजूने. एकाच औषधाच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या बाटल्यांत परिरक्षक आणि त्याचे प्रमाण निरनिराळे असू शकते. दुकानदाराने "तेच आहे" म्हणून दुसरी बाटली दिली आणि त्यानंतर डोळा लाल झाला, असेही घडते. यास्तव आपल्या खिडकीवर कंपनी बदलली की रुग्णाच्या कार्डावर नव्या बाटलीचे नाव व तारीख लिहिली जाते. काचबिंदू असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या कुटुंबीयांस विनंती, की तपासणीस येताना घरातील डोळ्यांच्या सर्व बाटल्या एका पिशवीत घालून आणाव्यात. त्यांत संपलेल्या, अर्धवट राहिलेल्या, गावच्या दुकानातून घेतलेल्या आणि शेजाऱ्यांनी दिलेल्याही याव्यात. आपण घातलेले थेंब कोणते, हे "निळ्या झाकणाचे" एवढ्यावरून सांगणे डॉक्टरांना शक्य होत नाही.